डेनांच्या रांगेतला दगड

२०२१च्या सप्टेंबरात, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जुन्या दफनभूमीत, मी एका जिवंत माणसाचं नाव थडग्यावर रांगोळीने काढलं. माणूस म्हणजे माझे घरमालक. रांगोळी बायकोची, दिवाळीसाठी जपून ठेवलेली. विचारलं दोघांनाही नव्हतं.

हे कसं घडलं ते सांगताना आपण जरा कमी मूर्ख दिसावं अशी माझी इच्छा होती. पण मजकूर आधी बायकोने वाचला आणि तशी वाक्यं खोडून टाकली. उरलं ते खाली देतोय.

एनिस

मार्च २०२०मध्ये डब्लिनजवळच्या चेरीवूडचं आमचं ऑफिस बंद झालं आणि माझा लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. मृणाल, म्हणजे माझी बायको, फार्मसिस्ट आहे. तिला एनिसच्या हॉस्पिटलात काम मिळालं, तेव्हा डब्लिनचं महागडं घर सोडून आम्ही क्लेअर परगण्यातल्या या गावात आलो. घर नोएल स्केल्डर यांचं. एका छपराखाली दोन दारं, एक त्यांचं, एक आमचं. मागच्या अंगणात मधे कमरेएवढी दगडी भिंत. त्या दिवसांत घरापासून ठरावीक अंतराच्या पलीकडे जायला बंदी होती, त्यामुळे ती भिंत हाच आमचा कट्टा झाला. पलीकडे ते, अलीकडे मी, मधे सहा फूट वारा.

नोएल तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उंच, तांबूस पापण्यांचे, चाळीस वर्षं पोस्टमनकी केलेले. लग्न केलं नव्हतं. आपल्या आडनावाचा जगात दुसरा माणूस उरलेला नाही, हे ते ‘आज पाऊस येईल’ अशा सुरात सांगायचे.

“स्केल्डर हे आयरिश वाटत नाही,” मी एकदा म्हणालो.

“नाहीच मुळी. आम्ही डेन. डेन्मार्कचे. शाळेत मास्तर हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबायचे आणि म्हणायचे, ‘हा आपला डेन.’ पोरं हसायची. मला वाटायचं, जळतायत.”

मग त्यांनी घरात चालत आलेली गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी डेन लोकांचं एक जहाज त्यांच्या मूळ गावाच्या खडकांवर फुटलं. नऊ प्रेतं किनाऱ्याला लागली. गावाने ती उचलून चर्चच्या भिंतीशी ओळीने निजवली. सकाळी पुरायला गेले तर आठच होती.

“आणि नववा?”

“नवव्याचे आम्ही,” नोएल म्हणाले.

माझ्या मानेवर सर्रकन काटा आला. त्याचं कारण आयर्लंडमधलं नव्हतं. आमच्या कोकणातल्या कुळांचीही अशीच कथा आहे. समुद्राने आणून टाकलेली चौदा प्रेतं, ती उठून बसली, त्यांचे आम्ही वंशज. लहानपणी ही गोष्ट ऐकल्यावर मी झोपलेल्या नानाकाकाच्या तळपायाला हात लावून बघायचो, गरम आहे ना म्हणून. हे मी नोएलना हसवायला सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “मग तुला समजेल.”

समजायचं होतं ते असं. नोएलच्या हृदयाची झडप निकामी होत आली होती. कधीतरी मोठी शस्त्रक्रिया होणार होती, आणि त्याआधी त्यांना आपली जागा ठरवून ठेवायची होती. मूळ गावी समुद्राला लागून जुनी दफनभूमी आहे. तिथे आता नवीन कुणाला पुरत नाहीत. ज्यांची माणसं आधीपासून तिथे आहेत, फक्त त्यांनाच मुभा. स्केल्डरांपैकी कुणीतरी तिथे आहे असं नोएल बापाकडून ऐकत आले होते, पण कुठे, कोण, ते बापाने सांगितलं नव्हतं. पुरावा हवा होता.

“इथल्या नव्या दफनभूमीत सगळे मला ओळखतात,” ते म्हणाले. “सगळ्यांना मी पत्रं टाकलीयत. पण माझं तिथे कुणी नाही. मला माझ्या माणसांत जायचंय.”

इथे मी शेखी मिरवली. आमच्या कुळाचा आठशे पानी कुलवृत्तांत आहे. तो नानाकाकाने आयुष्यभर पोस्टकार्डं पाठवून, लग्नाच्या पंगतींत जाऊन माणसं गाठून, प्रसंगी श्राद्धाच्या घरी वही उघडून तयार केला. शाळेच्या सुट्टीत त्याच्या पाकिटांवर तिकिटं चिकटवायला मी असायचो. म्हणजे वंशशोधन माझ्या रक्तातच. वर सॉफ्टवेअरवाला. मी नोएलना म्हणालो, “एक आठवडा द्या.”

चौदा महिने लागले.

सुरुवात झोकात झाली. जुन्या जनगणनेची पानं घरबसल्या बघता येतात. त्यात नोएलचे वडील मायकल सापडले, आजोबा थॉमस सापडले, पणजोबा पॅट्रिक सापडले. पॅट्रिकच्या नावापुढे ‘गवंडी’ असं लिहिलेलं. मग त्या पॅट्रिकच्या बाप्तिस्म्याची, बटाट्याच्या दुष्काळाच्या सुमाराची नोंद. आईचं नाव ओनोरा स्केल्डर. बापाच्या रकान्यात काही नाही. शाई उडाली असणार, असं मी धरलं. आता ओनोराबाईंचा नवरा, म्हणजे कुणीतरी स्केल्डर पुरुष, तेवढा सापडला की वर डेन्मार्कपर्यंत शिडी लावायची.

तो सापडेना. मी तीन परगण्यांच्या नोंदी चाळल्या. जुन्या दफनभूमीची वही सांभाळणाऱ्या ब्रायडी नावाच्या बाईंना पत्र लिहिलं: ‘आपल्याकडे स्केल्डर घराण्यातला कुणी पुरुष पुरला आहे काय?’ उत्तर एका ओळीचं आलं: ‘नाही.’ डेन्मार्कमधल्या एका अभिलेखागारालाही लिहिलं. तिथल्या सद्गृहस्थाने फार सभ्यपणे कळवलं की आपण म्हणता त्या काळात आमच्याकडच्या साध्या माणसांना कायमचं आडनावच नसे, बापाच्या नावावरून दर पिढीला ते बदलत असे, तेव्हा आडनावाच्या दोरीने आपण आमच्यापर्यंत पोचाल असं वाटत नाही. हे पत्र मी नोएलपासून दोन महिने लपवून ठेवलं.

मृणालने एकदा भांडी पुसता पुसता विचारलं, “तू त्या बाईचा नवरा शोधतोयस. तिलाच का नाही शोधत?”

“तसं नसतं ते,” मी म्हणालो. “वंश पुरुषाकडून चालतो. कुलवृत्तांतात बघ.”

“बघितलाय. माझं माहेरचं नाव त्यात कंसात आहे.”

मी विषय बदलला.

पश्चिमेकडे

२०२१च्या उन्हाळ्यात बंधनं सैल झाली. नोएलना शस्त्रक्रियेची ऑक्टोबरातली तारीख मिळाली. कागद संपले होते. आता प्रत्यक्ष जाऊन दगड वाचण्याखेरीज उपाय नव्हता. ब्रायडीबाई दोन खोल्या पाहुण्यांना देतात असं कळलं. दोन रात्रींसाठी त्या घेतल्या. मृणालला ड्यूटी होती. तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून दिली आणि नोएलच्या गोळ्यांचा डबा माझ्या हातात न देता त्यांच्याच हातात दिला.

झिजलेली अक्षरं वाचायला लोक दगडावर पीठ भुरभुरवतात असं मी वाचलं होतं. पिठाने बुरशी येते असंही वाचलं होतं. म्हणून मी अक्कल चालवून कपाटातली पांढऱ्या रांगोळीची पिशवी उचलली. शेवटी रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड, पावसाने धुऊन जाईल. त्या प्रवासातली माझी ही एकमेव बरी कल्पना. तिचंच पुढे काय झालं ते सांगायचंय.

एनिस सोडलं की तासाभरात झाडं संपतात. आधी उंची कमी होते, मग ती एका बाजूला विंचरल्यासारखी वाकतात, मग नुसती दगडी कुंपणं आणि गवत. नोएल मागच्या सीटवर मास्क लावून बसले होते. पोस्टमनच्या सवयीने घरं मोजत होते. “बंद. बंद. हा अमेरिकेत. बंद. यात उजेड आहे, पण माणूस नाही.” शेवटचं वाक्य कळलं नाही म्हणून मी आरशात बघितलं, तर ते डोळे मिटून बसलेले. घरं न बघताच सांगत होते.

“तुम्ही याआधी इथे कधी आला होता?” मी विचारलं.

“कधीच नाही. बापाने येऊ दिलं नाही.”

समुद्र दिसला तिथे गाडी थांबवून दशम्या खाल्ल्या. नोएलनी दशमीला खारं लोणी थापलं, वर चटणी घेतली, म्हणाले, “ग्रँड!” इथे जेवण, हवामान, मरण, सगळंच ग्रँड असतं. सुरावरून ओळखायचं.

ब्रायडीचं घर

गावाचं नाव देत नाही. ब्रायडीने तशी अट घातली आहे. सत्तरीतली, विधवा, पुरुषी बूट घालणारी बाई. तिने आमची लसीची प्रमाणपत्रं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. “पत्रं लिहिणारा तूच का?” म्हणाली आणि ताटं वाढायला गेली. मी शाकाहारी आहे हे ऐकून तिने बेकन बाजूला काढलं आणि कोबी, उकडलेला बटाटा, कुस्करलेला बटाटा आणि भाजलेला बटाटा एवढं माझ्यापुढे ठेवलं. आपल्याकडे उपासाच्या दिवशी आलेल्या पाहुण्याचं जे होतं तेच माझं झालं.

टेबलाशी चार खुर्च्या, चार कप. आम्ही तिघं. खिडकीपाशी समुद्र दिसतो म्हणून मी तिथे जाऊन बसलो.

“ऊठ,” ब्रायडी म्हणाली.

मी उठलो.

“ती पाहुण्याची जागा.”

“मी पाहुणाच आहे.”

“तो पाहुणा नव्हे. एकजण भिंतीशी निजलेला उठून गेला. कुठल्यातरी दाराशी गेलाच असणार. या गावात एक कप जास्तीचा ठेवतात.” असं सांगून तिने नोएलना आणखी बटाटा वाढला, जणू मीठ कुठे आहे ते सांगितलं. आपल्याकडेही पितरांसाठी पान वाढून ठेवतात, नेमका पितृपक्षच चालू होता. पण ते पान वर्षातून एकदा. इथे रोज, आणि कप मात्र चकचकीत घासलेला.

नोएलना थकवा आला होता. ते पडले. मी दफनभूमीची किल्ली घेतली आणि एकटाच निघालो.

डेनांची रांग

ऊन तिरपं झालं होतं. छप्पर उडालेलं चर्च, चारही भिंती उभ्या, आत गुडघाभर गवत. खाली कड्यात समुद्राने गुहा कोरल्यात. लाट आत शिरली की कुणीतरी खूप मोठ्या माणसाने घसा खाकरावा तसा आवाज येतो, आणि मग बोलणं येत नाही. दर वेळी वाटतं आता येईल.

समुद्राकडच्या भिंतीला लागून एक रांग होती. तिला डेनांची रांग म्हणतात, हे ब्रायडीने किल्ली देताना सांगितलं होतं. मी धावतच तिच्यापाशी गेलो. नाव नसलेले, ओबडधोबड, गुडघ्याएवढे दगड. मी वही काढून मोजमापं घेतली. बऱ्याच ठिकाणी डोक्याकडच्या आणि पायाकडच्या दगडांत जेमतेम दोन हातांचं अंतर होतं. मी वहीत लिहिलं: ‘डेन लोक बुटके असावेत.’

ती वही अजून माझ्याकडे आहे. ते पान उघडवत नाही.

रांगेच्या टोकाला गवताखाली एक सपाट आडवा दगड लागला. कडेचं गवत उचललं तशी काळी शिळा निघाली. मी सगळीवर रांगोळी भुरभुरवली, तळहाताने हलकेच पसरली. खालच्या बाजूला, तिरप्या उन्हात, अक्षरं उगवली. स्केल्डर.

मी तिथे एकट्याने टाळ्या वाजवल्या. भिंतीवरून पक्षी उडाले.

वरचा भाग मात्र खडबडीत होता. तिथे काहीतरी खोदलेलं होतं. बोटाला लागत होतं, डोळ्याला दिसत नव्हतं. मी डोळे मिटले आणि आई काढायची तशी चिमटीतून रांगोळी सोडत खाचांच्या मागे बोट नेऊ लागलो. गुहा खाकरत होती. बोट थांबत नव्हतं. ओढ होती त्याला, उतारावर गाडी सोडल्यासारखी. डोळे उघडले तेव्हा शिळेवर पांढऱ्या स्वच्छ अक्षरांत ‘नोएल’ असं होतं. खाली स्केल्डर.

आता शहाणा माणूस इथे घाबरेल. मी खूश झालो. म्हणजे एक जुना नोएल स्केल्डर होता! हाच ओनोराचा नवरा! पणतूच्या पोराला त्याचंच नाव ठेवलं! मी फोटो काढला आणि घराकडे पळत सुटलो.

ब्रायडी आणि नोएल चहा घेत होते. मी फोन नोएलच्या पुढ्यात धरला. “हे बघा. तुमच्या आधीचा नोएल.”

त्यांनी बघितलं. ब्रायडीने वाकून बघितलं आणि छातीवर क्रूस काढला.

“मी नाताळच्या सकाळी जन्मलो,” नोएल सावकाश म्हणाले. “म्हणून आईने हे नाव ठेवलं. बाप वैतागला होता. असलं नाव घराण्यात कधी कुणाचं नव्हतं.”

खिडकीवर पाऊस वाजायला लागला.

“तिथे ते खोदलेलं होतं की तू लिहिलंस?” ब्रायडीने मला विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि उत्तर माहीत नाही हे मला तेव्हा कळलं. चौदा महिने मी दिवसातून वीस वेळा हे नाव टाइप केलं होतं. खाचेतून बोट गेलं की सवयीतून?

“जिवंत माणसाला दगडावर घातलंस,” ब्रायडी म्हणाली. “पुसून ये.”

“राहू दे,” नोएल म्हणाले. त्यांचा आवाज अगदी स्वस्थ होता, आणि तो स्वस्थपणा मला सगळ्यात जास्त लागला. “पाऊस आलाय. तो पुसेल. नाहीतर नाही पुसणार.” त्यांनी आपला चहा संपवला. “ग्रँड.” हा सूर मी याआधी ऐकला नव्हता.

सकाळ

सातला उठलो तर नोएलच्या खोलीचं दार उघडं होतं. पांघरूण नीट घडी घातलेलं. गोळ्यांचा डबा टेबलावर तसाच. बाहेर धुकं एवढं दाट की अंगण दिसेना. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. खिडकीपाशी चौथा कप मात्र वापरलेला होता. तळाशी घोटभर चहा. मी हात लावला, कोमट होता. हायसं वाटलं. नोएल चहा पिऊन फिरायला गेलेत.

मग रात्री निजवलेले नऊ आणि सकाळी उरलेले आठ, हे आठवलं. मी चपला न घालता धावलो.

फाटकाची किल्ली माझ्याकडे होती आणि फाटक उघडं होतं. धुक्यातून भिंत आधी दिसली, मग रांग. रांगेच्या टोकाला दोन माणसं होती. एक शिळेपाशी बसलेलं, एक त्याच्या मागे उभं. मी हाक मारली. पाय घसरून मी ओल्या गवतात सपशेल आडवा झालो, गुडघा फुटला. उठून बघितलं तर नोएल एकटेच बसलेले, अंगात पावसाळी कोट, केस ओले.

“कोण होतं तुमच्याबरोबर?”

“उशीर केलास,” ते म्हणाले. “बस.”

“गोळी न घेता आलात? नुसत्या चहावर?”

“चहा? सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतला. हे बघ.”

मी शिळेकडे बघितलं. पावसाने ती लख्ख धुतली होती. मी काढलेलं ‘नोएल’ पार वाहून गेलं होतं, कारण ते दगडाच्या पाठीवर नुसतं पसरलेलं होतं. पण मी आधी सगळीकडे भुरभुरवलेली पूड पाण्याबरोबर खऱ्या खाचांत उतरून बसली होती. काळ्या ओल्या दगडावर बारीक पांढऱ्या रेघा. एक अक्षरही मी काढलेलं नव्हतं.

माझी आई ओनोरा.
पॅट्रिक स्केल्डर, गवंडी.

नवऱ्याचं नाव नाही. बापाचं नाव नाही. रकाना कोराच. शाई कधी उडालीच नव्हती.

“आपल्या हाताने घडवलाय त्याने,” नोएल म्हणाले. त्यांनी ‘आई’ या शब्दावर बोट ठेवलं. “किती खोल घातलाय बघ. बाकीच्यापेक्षा खोल.”

धुक्यातून ब्रायडी आली, हातात टॉवेल आणि माझ्या चपला. तिने शिळा वाचली. आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“कोण आहे ते ऐकून माहीत होतं. कुठल्या दगडाखाली ते नव्हतं.”

“मग पत्रात ‘नाही’ असं का लिहिलंत?”

“तू पुरुष विचारलास. पुरुष नव्हता.”

मग तिने रांगेकडे हात केला आणि जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देतो. “बुडून आलेले अनोळखी, बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं, लग्नावाचून आई झालेल्या पोरी. ज्यांच्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही, त्या सगळ्यांना इथे आणायचे. आणि विचारायचं नाही म्हणून एकच उत्तर ठरलेलं, साऱ्या परगण्याला ठाऊक असलेलं. कोण होती? डेन होती. समुद्रातून आली.”

मी त्या दोन हात अंतराच्या दगडांकडे बघितलं. बुटके डेन.

मला हजेरी घेणारे मास्तर आठवले, हसणारी पोरं आठवली. नोएलनाही तेच आठवलं असणार, कारण ते म्हणाले, “म्हणजे पोरांना माहीत होतं. बापालाही. मला एकट्यालाच नव्हतं.”

“खरंखुरं जहाजही फुटलं असेल,” मी घाईने म्हणालो. “स्केल्डर हे नाव कुठूनतरी आलंच ना! डेन्मार्क अजून पूर्णपणे बाद झालेलं...”

“गप्प बस जरा,” ब्रायडी म्हणाली.

“ती कुठून आली असेल?” नोएलनी तिला विचारलं.

“वहीत ‘परकी’ एवढंच आहे. कुठली ते लिहिलेलं नाही.”

नोएलनी मान हलवली. “असू दे डेन्मार्क. पोराने एवढं खोल कोरलंय. आपली म्हणायला तेवढं पुरे.”

वही

नाश्त्याला ब्रायडीने नोएलना खिडकीपाशी बसवलं, पाहुण्याच्या खुर्चीत. सकाळचा वापरलेला कप मात्र तिने उचलला आणि त्यांना दुसरा धुऊन दिला. पहिल्यातला चहा कुणी प्यायला, हे मी तिला विचारणार होतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बटाटा मागितला.

मृणालला फोन केला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “मी भांडी पुसत होते तेव्हा काय म्हणाले होते?” आणि मग, “रांगोळी उरलीय का?” उरली नव्हती.

दफनभूमीचा निर्णय घेणारी तिघांची समिती आहे. त्यातले दोघे केव्हाच भिंतीच्या आत गेलेत. त्यामुळे समितीने, म्हणजे ब्रायडीने, टोस्ट खाता खाता निर्णय दिला. प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, तिने जाडजूड वही काढली. नानाकाकाच्या वहीसारखीच, कडा मळलेल्या. ‘डेनांची रांग’ असं शीर्षक असलेलं पान उघडलं. आधी तिने ‘परकी’च्या पुढे ओनोराचं नाव शाईने लिहिलं. मग त्याच्याखाली, ओनोराच्या पायाशी, एक जागा राखून ठेवायची होती. ती पेन्सिलने लिहितात. माणूस गेला की वर शाई चढते.

“पेन्सिलचं मला आता दिसत नाही,” ब्रायडी म्हणाली, आणि तिने वही माझ्याकडे सरकवली. “तू लिही. नोएल स्केल्डर. नीट लिही.”

मी हात पुसले. चौदा महिन्यांचं काम होतं, शेवटची ओळ माझ्या हातची असावी असं मला मनापासून वाटत होतं. पेन्सिल उचलली.

नोएलनी टोस्ट खाली ठेवला, हात लांब केला आणि माझ्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली.

“याला लिहायला देऊ नकोस, ब्रायडी,” ते म्हणाले. “माणूस मरायची वाट हा बघत नाही.”